नांदेडशी ताळा

आमच्या कंपनीत आता सगळं एका पडद्यावर दिसतं. लातूरच्या मिलमधून किती कट्टे निघाले, नांदेडला किती उतरले, सोलापूरच्या गोदामात किती पडून आहेत, सगळं. आकडा हिरवा असला की जुळला, तांबडा असला की नाही जुळला. तांबडा फारसा दिसतच नाही. ऑफिसातल्या नव्या मुली मला विचारतात, "मॅडम, हे सगळं तुम्ही पूर्वी फोनवर करायचात? कंटाळा नाही यायचा?" मी त्यांना काही सांगत नाही. मला राग लवकर येतो आणि बोलायला लागले की लांबतं, म्हणून गप्प बसते. इथं मात्र लांबवायला कुणाची हरकत नसावी.

मी बी.कॉम. होऊन या डाळमिलच्या ऑफिसात लागले तेव्हा कंपनी म्हणजे लातूरच्या एमआयडीसीत मिल आणि नांदेडला एक पत्र्याचं गोदाम, त्याला लागून ऑफिसची एक खोली. लातूरच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, तूर यायची, हरभरा यायचा, मिलमध्ये त्याची डाळ व्हायची आणि त्यातली निम्मी ट्रकनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची. तिथून देगलूर, धर्माबाद आणि पार तेलंगणातल्या दुकानांपर्यंत. लातूरचा स्टॉक मी लिहायची. नांदेडचा स्टॉक एक बाई लिहायच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. रोज सकाळी ऑफिस उघडलं की माझा पहिला फोन त्यांना. काय पाठवलं ते मी सांगायचं, काय उतरलं ते त्यांनी सांगायचं. याला आम्ही ताळा म्हणायचो.

मी त्यांना ताई म्हणायची. त्या मला लातूर म्हणायच्या. फोन उचलला की "हां लातूर, सांग." सुरुवातीला मला ते खटकायचं, आपण काय गाव आहोत का म्हणून. मग मीही ऑफिसात सगळ्यांना सांगायला लागले, "आज नांदेडला सर्दी झालीय," "नांदेड दोन दिवस रजेवर आहे." आमच्या अकाउंटंटनं एकदा भाबडेपणानं विचारलं, अख्खं नांदेड?

ताळा पहिल्या झटक्यात जुळला असा दिवस मला आठवत नाही. आम्ही लातूरला पन्नास किलोच्या कट्ट्यात मोजायचो. नांदेडच्या गोदामात शंभर किलोचं एक पोतं धरायची जुनी रीत. त्यामुळं आमचा संवाद असा व्हायचा.

"फटका किती पाठवली?"

फटका म्हणजे चांगल्या प्रतीची तूरडाळ. "एकशेवीस."

"इथं साठ हाय."

"ताई, साठ पोती म्हणजे एकशेवीस कट्टेच झाले ना."

"मग साठ हायच की! एकशेवीस म्हणून मला सकाळी सकाळी कशाला घाबरवून राहिलीस?"

मी म्हणायची, तुम्ही कट्ट्यात लिहा. त्या म्हणायच्या, तू पोत्यात लिही. कितीतरी वर्षं दोघींनीही बदललं नाही. मी माझ्या वहीत दुपटीनं वाचायला शिकले आणि त्या निमपटीनं ऐकायला शिकल्या.

नावांचा घोळ तर विचारू नका. सीमेकडचे दुकानदार तूरडाळीला तेलुगूत पप्पू म्हणायचे. ताई गिऱ्हाइकानं ज्या शब्दात माल मागितला त्याच शब्दात लिहायच्या. "मागणाऱ्याचा शब्द लिवावा, म्हंजी पुढच्या खेपेला तोच माल जातो," हे त्यांचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. पण आमच्या यादीत 'फटका' आणि त्यांच्या यादीत 'पप्पू मोठी', एकच डाळ. एकच दुकानदार माझ्याकडं आडनावानं, त्यांच्याकडं गावाच्या नावानं, आणि ट्रकसोबतच्या चिठ्ठीत 'मारुतीच्या देवळासमोरचे' असा. एकदा तर या समोरच्यांना एकाच आठवड्यात दोनदा माल गेला आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला गेलाच नाही. तो माणूस लातूरला येऊन आमच्या टेबलासमोर उभा राहिला आणि काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

ताळा झाला की फोन ठेवायचा, असा थोरल्या शेठजींचा हुकूम होता. टेलिफोनच्या बिलावर त्यांची बारीक नजर असायची. पण ताळा संपला हे ठरवणार कोण? आम्ही एक युक्ती काढली होती. मसूर डाळ आमच्याकडं कमी चालायची, तिचा आकडा महिनोन्‌महिने हलत नसे. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवायचो. मसूर सांगून झाली नाही तोवर फोन कामाचाच. शेठ समोरून गेले की मी मोठ्यानं म्हणायची, "हां ताई, मसूर राहिलीय ना?" आणि पलीकडून ताई म्हणायच्या, "गेला का म्हातारा?"

त्या राहिलेल्या मसुरीच्या आडोशानं आम्ही किती बोललो! लातूरला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. त्या रोज खिजवायच्या, "आंघोळ झाली का न्हाई आज? का कोरडंच टॉवेल फिरवलं?" त्यांच्याकडं गोदावरी, विष्णुपुरीचं धरण. पाऊसकाळात धरणाचे दरवाजे उघडले की त्या मला तेही सांगायच्या, जणू ते त्यांनीच सकाळी येताना उघडले होते. मी म्हणायची, पाठवा की एक टँकर. त्या म्हणायच्या, "पोत्यात भरून पाठवू का कट्ट्यात?"

त्यांचे मिस्टर इस्लापूरकडं शाळेत मास्तर होते, शनिवारी घरी यायचे. घरी डोळ्यांनी अधू झालेली सासू. सकाळी तिचं सगळं आवरून, शेजारणीला सांगून ताई ऑफिसला यायच्या. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "लातूर, ह्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात जीव बेजार होतो बघ. पण मला घरातून बाहेर पडायला हे एकच दार हाय." तेव्हा मी नुसतं हूं म्हटलं. मला वाटलं, उन्हाळ्याबद्दल बोलतायत.

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाही सगळं त्यांच्या कानावर असायचं. कोण बघायला आलं, काय विचारलं, कांदेपोहे कुणी उष्टे टाकले. त्यांचा सल्ला असा, "पगार इचारू नको, तो त्याची आई सांगंलच. घरात पाणी कोण भरतं ते इचार." मी खरंच विचारलं. ते स्थळ मोडलं. पुढच्यानं उत्तर दिलं की मी भरतो, त्याच्याशी माझं लग्न झालं. लग्नाला ताई यायच्या होत्या, पण सासूचं दुखणं निघालं आणि राहिलं. तशी लातूर-नांदेड एसटी काय कमी आहे? पण येते येते, ये ये म्हणता वर्षं गेली आणि आम्ही एकमेकींना पाहिलं नाही ते नाहीच. मी त्यांच्या आवाजावरून ठरवून टाकलं होतं की बाई उंच, थोराड आणि कपाळावर मोठं कुंकू लावणारी असणार.

मग धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले. थोरल्यांनी हळूहळू मिलमध्ये येणं कमी केलं आणि यांनी टेबलं हलवली, कॉम्प्युटर आणले. एकदा नांदेडची यादी हातात घेऊन मला केबिनमध्ये बोलावलं. "हा पप्पू कोण आहे? एवढा माल एकट्याला कसा काय देतो आपण?" मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, एक कंपनी, एक आकडा. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस उंटावरून शेळ्या हाकतोय. पण खरं बोलायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. एका डाळीची तीन नावं, एका माणसाची तीन खाती, आणि दोन गावांचे दोन खरे आकडे, यावर कंपनी किती दिवस चालणार? नुसत्या आमच्या फोनवर ती चालली होती हेच आश्चर्य.

सगळ्याची एक यादी करायचं काम माझ्यावर आलं, आणि नांदेडकडून अर्थातच ताईंवर. ते दिवस आमच्या फोनचे सोन्याचे दिवस. आता बिलाची फिकीर नव्हती, उलट धाकटे शेठच म्हणायचे, नांदेडशी बोलून घ्या. आम्ही एकेक नाव घेऊन भांडायचो. 'पप्पू' जाऊन 'फटका' राहिली तेव्हा त्या दोन दिवस नाराज होत्या. पोतं गेलं आणि कट्टा राहिला तेव्हा म्हणाल्या, "जिंकलीस बाई. आता दुप्पट लिवून लिवून माझा हात दुखंल." पण त्यांनी एकदा ठरलेलं कधी मोडलं नाही. माझ्याकडूनच सवयीनं 'समोरचे' असं लिहिलं जायचं आणि त्या मला पकडायच्या.

यादी पुरी झाली आणि धाकट्या शेठांनी पुढचं सांगितलं. ओळीनं तीन महिनाअखेरी लातूरची जावक आणि नांदेडची आवक कॉम्प्युटरवर तंतोतंत जुळली की नांदेडची ऑफिसची खोली बंद. गोदाम राहील, हमाल राहतील, वॉचमन राहील. लिहिणं सगळं लातूरहून. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ट्रक सोडायचा नाही, म्हणजे वाटेवर माल राहणार नाही आणि आकडा साफ मिळेल. मी विचारलं, आणि ताई? ते म्हणाले, "त्यांना लातूरला बोलावतोय, पगार वाढवून. मी स्वतः बोललोय त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "लातूरला कशी येऊ गं? म्हातारीला कुठं ठेवू? आणि हे शनिवारी येऊन कुलूप बघणार का?" मी म्हणाले, मी शेठशी बोलते. त्या म्हणाल्या, "काय बोलणार तू? आकडे जुळवू नका म्हणून? चल, फटका सांग."

मी बोललेच शेठशी. काही उपयोग झाला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

पहिला महिना जुळला. दुसरा जुळला. आयुष्यभर मी आकडा जुळावा म्हणून देवाला हात जोडले होते, आता उलटे हात कसे जोडतात ते मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या महिन्यात मी एक दिवस सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि पुन्हा जवळ जाऊन बघितलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी अमावास्या होती.

हे समजायला थोरल्या शेठजींची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं अमावास्येला मोंढा बंद असतो, नवं काम कुणी धरत नाही. थोरले शेठ त्याच्याही पुढं गेलेले. ट्रक आला तर माल उतरवून घ्या, पण अमावास्येला आवक लिहायची नाही, ती दुसऱ्या दिवशी लिहायची, असा त्यांचा दंडक होता. लातूरला धाकट्यांनी तो केव्हाच मोडला. नांदेडला कुणी मोडायला सांगितलं नाही, म्हणून तो तसाच चालू राहिला. आणि नव्या कॉम्प्युटरला मागची तारीख चालत नव्हती. ज्या दिवशी नोंद टाकाल तीच तारीख. म्हणजे आदल्या रात्री लातूरहून सुटून शेवटच्या दिवशी सकाळी उतरलेला ट्रक एक तारखेला लिहिला जाणार, महिनाअखेरीला लातूरचा आकडा मोठा आणि नांदेडचा लहान राहणार, आणि शेठांच्याच नियमानं तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. पुढं तुरीचा सीझन सुरू, मग कुणाला वेळ आहे? वर्ष सहज निघालं असतं. कुणी खोटं लिहायला नको, काही लपवायला नको. बापाची रीत पाळली म्हणून मुलगा काय बोलणार होता?

मी त्याच दिवशी फोनवर म्हणाले, "ताई, या महिनाअखेरीला अमावास्या आहे."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. मी जास्त बोलले नाही. शहाण्याला शब्दाचा मार. त्यानंतरचे दिवस मी मनात मांडे खात होते. पुढच्या दिवाळीला मी नांदेडला जाणार होते, त्यांच्या घरी राहणार होते, गोदावरी बघणार होते.

अमावास्येच्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळेला फोन वाजला. संध्याकाळी त्यांचा फोन कधी येत नसे.

"लातूर, आजची आवक टाकलीय. बघ जुळतंय का."

मी पडद्यावर बघितलं. जुळलं होतं. "ताई," मी ओरडले, "आज अमावास्या आहे!"

"हाय ना."

"मग लिहिलंत कशाला? तुम्हाला कुणी विचारणार होतं का? तुमच्या गोदामात आजवर कधी लिहिलंय अमावास्येला?"

"ओरडू नको. ट्रक सकाळीच आला. माल आत हाय, मी डोळ्यांनी बघितला. मी दिवसभर बसून राहिले टेबलापाशी. लिवू का नको, लिवू का नको."

"मग?"

"मग वाटलं, आज सुटले. पुढच्या खेपेला काय करू? कॅलेंडर घेऊन अमावास्या कधी येते ते बघत बसू का मी? वर्षानुवर्षं आकडा जुळावा म्हणून धडपडले, आता जुळू नये म्हणून रोज ऑफिसला येऊ? तसली नोकरी मला करायची न्हाई गं."

मला इतका राग आला की मी फोन आपटला. घरी जाऊन नवऱ्यावर ओरडले, तो बिचारा पाणी भरत होता. ताईंचा राग आला होता, शेठांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या पडद्याचा, कारण त्याला अमावास्याही कळत नव्हती आणि बाईही कळत नव्हती.

पुढच्या महिन्यात नांदेडची खोली आवरून कॉम्प्युटर आणि कागद घेऊन यायला शेठांनी मलाच पाठवलं. आमची पहिली भेट ही अशी झाली. मी कंपनीच्या टेम्पोतून उतरले तर दारात एक बुटकीशी, किरकोळ बाई चष्मा पुसत उभी. मी त्यांना विचारलं, ताई कुठं आहेत? त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मीच की." तो आवाज त्या एवढ्याशा अंगातून आला.

त्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आम्ही समोरासमोर बसून खाल्लं. इतकी वर्षं रोज बोलत होतो, आणि आता दोघींनाही बोलता येईना. त्या म्हणाल्या, प्रवास बरा झाला का. मी म्हणाले, हो, बरा झाला. त्यांनी विचारलं, अजून एक देऊ का. मी म्हणाले, नको. लग्नात नवऱ्याच्या मावशीशी बोलतात तसं चाललं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि मला वाटायचं, ही दुसरीच कुणीतरी आहे, ताई फोनमध्येच राहिल्या. त्यांनाही तसंच वाटत असणार, कारण त्याही भिंतीकडं बघत होत्या.

शेवटी त्या उठल्या. "थांब," म्हणाल्या, आणि मधल्या दारानं गोदामात गेल्या. दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. मी त्यांच्या खुर्चीवर बसून तो उचलला.

"हां लातूर," त्या मोबाइलवरून बोलत होत्या, "अजून रागावून राहिलीस का?"

"हो," मी म्हणाले.

"राहा मग."

आणि आमचं सुरू झालं. धपाट्यात मीठ कमी होतं इथपासून सगळं. तुम्ही इतक्या बुटक्या असाल असं वाटलं नव्हतं, असं मी म्हणाले. तू फोनवर बारीक वाटायचीस, असं त्या म्हणाल्या. टेम्पोवाला बाहेर दोनदा हॉर्न वाजवून गेला. मी त्यांना म्हणाले, नांदेडमध्ये दुसरीकडं कुठंतरी बघा ना, तुमच्यासारखं माणूस कुणालाही हवं असतं.

त्या म्हणाल्या, "लातूर, उद्या सकाळी मी कुठं जाऊ गं?"

त्या रडायला लागल्या. ते मला फोनमधून ऐकू येत होतं आणि पत्र्याच्या भिंतीतूनही. समोर बसून त्या कधी रडल्या नसत्या, हे मला पक्कं कळलं होतं, म्हणून मी उठून आत गेले नाही. कानाला फोन धरून तिथंच बसून राहिले, त्यांचं संपेपर्यंत.